टाकाऊ उचलण्याआधी आणि ट्रेंड चाखण्याआधी: एकच प्रश्न

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं जातं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलण्यातले अडखळे आणि पुन्हा पुन्हा आलेली वाक्यं काढली आहेत, बाकी बोलणं जसं होतं तसंच ठेवलं आहे.)



मी बोलतेय मेडशीहून. नवीन ऐकणाऱ्यांसाठी पत्ता सांगते. अकोल्याहून निघालात, पातूर सोडलं, घाट चढून वाशिमच्या दिशेनं आलात की मेडशी लागतं. तालुका मालेगाव. नाशिककडचं मालेगाव नव्हे हं, आमचं वाशिम जिल्ह्यातलं.

आजचा विषय तुमच्याच निरोपांमधून आलाय. गेल्या काही महिन्यांत तुमचे जे निरोप आले, त्यात दोन प्रकारचे प्रश्न सगळ्यात जास्त होते. पहिला प्रकार म्हणजे, ‘ताई, घरात ही वस्तू पडून आहे, भंगारात ही वस्तू मिळाली, हिचं काय करता येईल?’ आणि दुसरा, ‘मोबाईलवर हा नवा पदार्थ फिरतोय, चिया पुडिंग, टोफू, असलं काहीबाही. हे घरी करून बघावं का?’

आधी मला वाटलं, हे दोन वेगळे विषय, दोन वेगळे भाग करू. पण उत्तरं लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं की दोन्हीकडे मी एकच गोष्ट विचारतेय: हे आधी काय होतं? डब्यात आधी काय होतं? लाकडाला आधी काय लावलं होतं? हा पदार्थ आधी कोण खात होतं, आणि कसा खात होतं? एवढं विचारलं की निम्मे निर्णय आपोआप होतात. म्हणून आज दोन्ही विषय एकत्र घेऊ.

आधी टाकाऊ वस्तू. ‘अपसायकलिंग’ हा शब्द तसा नवा आहे. 1994 मध्ये राइनर पिल्झ नावाच्या जर्मन इंजिनिअरनं तो वापरला. त्याचं म्हणणं असं की, चांगल्या विटा फोडून त्यांचा चुरा करायचा आणि त्याला पुनर्वापर म्हणायचं, हे तर वस्तूची किंमत खाली आणणं झालं. जुन्या वस्तूची किंमत वर गेली पाहिजे. शब्द त्याचा, पण काम आपल्याकडे कधीपासून चाललंय! गोधडी घ्या. फाटलेलं लुगडं, विरलेलं धोतर, लहान झालेलं परकर-पोलकं, थरावर थर ठेवून धावदोरा घातला की हिवाळा निघतो. जपानमध्ये अशाच ठिगळांवर ठिगळं लावलेल्या कापडाला ‘बोरो’ म्हणतात, आणि ते आज संग्रहालयांत ठेवतात. आपल्याकडे ते ट्रंकेत असतं.

दुसरं म्हणजे कागदाच्या लगद्याच्या टोपल्या. जुने कागद भिजत घालायचे, भिजवलेले मेथीदाणे वाटून त्यात मिसळायचे म्हणजे लगदा चिकट होतो, मग पालथ्या पातेल्यावर थापून उन्हात वाळवायचं. तिसरं, तेलाचा 15 किलोचा पत्र्याचा डबा. त्यात धान्य राहतं, त्यात तुळस लागते, तो कापून सुपली होते, शेगडी होते. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बाया अजून म्हणतात, ‘कायले फेकतं व माय, कामी येते!’

खरंय, कामी येतं. पण एक फरक पडलाय आणि आजचा भाग मी त्यासाठीच करतेय. पूर्वी घरात येणाऱ्या वस्तू मोजक्या होत्या. कापूस, लोखंड, पितळ, माती, लाकूड, फार तर तेलाचा डबा. त्यांत आधी काय होतं हे सगळ्यांना ठाऊक असायचं, आणि जे होतं ते बहुतेक निरुपद्रवी असायचं. आता तसं नाही. आता भंगारातली वस्तू कुठून आली, तिच्यात काय भरलेलं होतं, हे तिच्याकडे बघून कळत नाही. म्हणून मी तीन ढीग करते.

पहिला ढीग: बिनधास्त उचला. सुती कपडे, साड्या, जामच्या आणि लोणच्याच्या काचेच्या बरण्या, खायच्या तेलाचे डबे, पितळेची भांडी, बिनरंगाचं लाकूड. पितळेबद्दल एवढंच की कल्हई गेली असेल तर त्यात चिंच, ताक, लिंबू असलं आंबट काही ठेवू नका. कल्हई करून घ्या, नाहीतर शोभेला ठेवा. तांब्याच्या बाटलीची सध्या फॅशन आहे. साधं पाणी ठेवा, लिंबूपाणी नको.

दुसरा ढीग: उचला, पण अट आहे. जुने रंगवलेले दरवाजे, खिडक्या. पाडलेल्या घरांची चौकट आणून तिचं टेबल करायचं, मांडणी करायची, छान दिसतं. पण जुन्या तैलरंगात शिसं असायचं. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर कडक मर्यादा आली ती 2017 च्या नोव्हेंबरपासून. त्याआधीच्या रंगाची खात्री नाही. तो कोरडा घासला की धूळ उडते, आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक असतं. म्हणून पाणी मारून ओलंच घासायचं, बाहेर घासायचं, मुलं जवळ नकोत, आणि त्या लाकडावर पोळपाट किंवा भाजी चिरायची पाटी करायची नाही.

मालाच्या पेट्यांच्या फळ्यांचंही तसंच. परदेशात जाणाऱ्या-येणाऱ्या लाकडी पॅलेटवर शिक्का असतो. त्यात ‘एचटी’ ही इंग्रजी अक्षरं असली तर लाकूड उष्णता देऊन कीडमुक्त केलेलं आहे, ते चालेल. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइड हा विषारी वायू वापरलाय, ते घरात नको.

टायरची कुंडी करताय? करा, पण तळाला भोकं पाडा. डेंग्यूचा डास असल्याच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि आठ-दहा दिवसांत नवे डास तयार होतात.

छापील वर्तमानपत्राच्या टोपल्या करा, दोरे-सुया ठेवा, बांगड्या ठेवा. गरम भाकरी नका ठेवू. छपाईच्या शाईमुळे अन्न वर्तमानपत्रात गुंडाळायला आपल्या देशात नियमानंच मनाई आहे, 2018 च्या वेष्टनाच्या नियमांत तसं लिहिलेलं आहे. भज्यांचा पुडा आठवला ना? हो, तोही त्यातच आला.

आता तिसरा ढीग. हा उचलायचाच नाही. आणि नेमका हाच आपल्याकडे सगळ्यात जास्त उचलला जातो.

फवारणीच्या औषधाचे डबे, बाटल्या, कॅन. बघा, आपण म्हणतोच ‘औषध’. शब्दच असा की भीती वाटत नाही. सोयाबीन, तूर, कपाशी, हरभरा, प्रत्येक हंगामात हे डबे निघतात. चांगले जाड, झाकण घट्ट बसणारे, मजबूत. फेकवत नाहीत. मग कुणी त्यात शेतात प्यायचं पाणी नेतं, कुणी रॉकेल ठेवायचं, कुणी मीठ ठेवतं, कुणी संडासला न्यायला ठेवतं आणि मग ते घरात फिरत राहतं. इंटरनेटवर त्याच आकाराच्या कॅनची सुंदर कुंडी दाखवतात, ते बघून आणखी धीर येतो.

2017 साली आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. शेकडो लोक दवाखान्यात होते. ते विष श्वासातून, कातडीतून गेलं. मग त्याच औषधाच्या डब्यातलं पाणी पोटात गेलं तर काय, याचा विचार तुम्हीच करा.

काही जण सांगतात, ‘तीनदा धुतला होता, साबणानं धुतला होता.’ तर तीनदा धुणं हे खरंच सांगितलेलं आहे, पण ते कशासाठी ते ऐका. डबा रिकामा झाला की त्यात पाव भाग पाणी घालायचं, झाकण लावून अर्धा मिनिट हलवायचं आणि ते पाणी फवारणीच्याच पंपात ओतायचं. असं तीनदा. त्यानं औषध वाया जात नाही आणि डबा फेकताना माती-पाणी कमी नासतं. तो डबा स्वयंपाकघरात यावा म्हणून हे नाहीच. प्लास्टिकच्या अंगात औषध मुरतं, ते साबणानं निघत नाही. 1971 च्या कीटकनाशक नियमांत स्पष्ट आहे की पुन्हा वापर होऊ नये म्हणून रिकामी वेष्टनं फोडून, वस्तीपासून दूर पुरायची. म्हणजे कायदाच सांगतो की ही वस्तू अपसायकल करायची नाही. डबा रिकामा झाला की तिथंच, बांधावरच, विळ्यानं भोकं पाडा. भोक पडलेला डबा कुणी घरी आणत नाही. विहिरीत, नाल्यात टाकू नका, आणि जाळू तर अजिबात नका, तो धूरही विषारी असतो.

डब्यावर रंगीत त्रिकोण असतो: लाल, पिवळा, निळा, हिरवा. लाल सगळ्यात जहाल, हिरवा सगळ्यात सौम्य. पण हिरवा म्हणजे ‘सुरक्षित’ नव्हे. हिरव्या त्रिकोणाचा डबासुद्धा तिसऱ्या ढिगातच.

निळ्या टिपाडाचंही सांगते, कारण पाणीटंचाईत ते प्रत्येक घरात असतं. भंगारातून 200 लिटरचं टिपाड घेताना विकणाऱ्याला विचारा, यात काय होतं? खायच्या तेलाचं, सरबताच्या अर्काचं होतं असं म्हणाला आणि त्यावर तसं लेबल असेल तर ठीक. लेबल खरवडून काढलेलं असेल, उत्तर गोलमोल असेल, तर ते बांधकामाच्या पाण्याला वापरा. प्यायच्या पाण्याला नाही. स्वस्त पडतं म्हणून घेतलेलं टिपाड फार महाग पडू शकतं.

बरं, आता जरा चांगल्या गोष्टीकडे. खाणं!

ट्रेंड म्हटलं की आपल्याला वाटतं काहीतरी लांबचं. मुंबई-पुण्याचं, नाहीतर परदेशातलं. पण चियाची गंमत ऐका. मोबाईलवर काचेच्या ग्लासात थर लावलेलं चिया पुडिंग दिसतं ना, तो चिया आता आपल्या वाशिम जिल्ह्यात पिकतो! रब्बीत, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरतात. शेतकऱ्यांनी तो का धरला, तर रोही आणि रानडुक्कर त्याच्या वाटेला जात नाहीत. वास आवडत नाही त्यांना. हरभऱ्याच्या शेतात रात्रभर जागली करणाऱ्याला विचारा याची किंमत. आधी हा माल विकायला पार मध्य प्रदेशातल्या नीमचच्या बाजारात न्यावा लागायचा. आता वाशिमच्या बाजार समितीतही खरेदी होऊ लागली आहे.

आता आपला प्रश्न विचारू: हे आधी काय होतं? चिया मूळचा मेक्सिको-ग्वाटेमालाकडचा, तुळशीच्या कुळातला. तिकडचे लोक शेकडो वर्षं तो खातात. पण कसा? भिजवून, पाण्यात लिंबू घालून पितात, किंवा दळून. ट्रेंडमध्ये नेमकं हेच गळून जातं. लोक चमचाभर कोरडं बी तोंडात टाकतात आणि वर पाणी पितात. चिया आपल्या वजनाच्या दहा-बारा पट पाणी शोषतो. 2014 साली अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या परिषदेत एका माणसाची हकीकत मांडली होती. त्यानं कोरडा चिया खाऊन वर पाणी प्यायलं, बी अन्ननलिकेत फुगलं, आणि डॉक्टरांना ते दुर्बिणीनं काढावं लागलं. म्हणजे पदार्थ वाईट नव्हता, त्याची रीत मागे राहिली होती.

म्हणून घरची रीत लिहून घ्या. एक ग्लास दूध किंवा पातळ ताक, त्यात दोन लहान चमचे चिया. ढवळा, दहा मिनिटांनी पुन्हा ढवळा, नाहीतर गुठळ्या होतात. चार तास, नाहीतर रात्रभर ठेवा. दुधात केलं तर गूळ आणि केळं, ताकात केलं तर मीठ, जिरं, कोथिंबीर. मला ताकातला जास्त आवडला. सुरुवात एका चमच्यानं करा, कारण यात तंतू भरपूर, 28 ग्रॅमला जवळपास 10 ग्रॅम. एकदम जास्त खाल्लं तर पोट फुगतं. आणि सबजा वेगळा, चिया वेगळा. सबजा पाण्यात पडल्या पडल्या फुगतो, चियाला वेळ लागतो. उन्हाळ्यात गारव्यासाठी सबजा असेल घरात, तर चिया आणायलाच हवा असं काही नाही.

दुसरा पदार्थ टोफू. हा तर माझ्या मते आपल्याच गावचा ट्रेंड व्हायला पाहिजे. आपल्याकडे खरिपात जिकडं बघावं तिकडं सोयाबीन. सोंगून, काढून सगळं पोतं थेट बाजार समितीत. घरात काय उरतं? कुटार! मग तेच सोयाबीन तेल होऊन, वडी होऊन, टोफू होऊन दुकानातून परत विकत आणायचं. 2025-26 चा हमीभाव 5,328 रुपये क्विंटल. तेवढा भाव प्रत्येकाला मिळतोच असं नाही, पण त्या दरानं धरलं तरी 150 ग्रॅम सोयाबीन आठ रुपयांचं. त्यातून साधारण दीडशे-दोनशे ग्रॅम टोफू निघतो.

कृती अशी. सोयाबीन रात्रभर भिजवा, सकाळी चोळून सालं काढा. मग उकळत्या पाण्यात पाच मिनिटं टाका, त्यानं तो हिरवट उग्र वास बराच जातो. एकूण लिटरभर गरम पाणी वापरून मिक्सरमधून बारीक वाटा आणि सुती कापडातून गाळा. जुन्या पांढऱ्या धोतराचा धुतलेला तुकडा उत्तम, पहिल्या ढिगातला! गाळलेलं दूध मोठ्या पातेल्यात 15 ते 20 मिनिटं ढवळत उकळा. हा टप्पा टाळायचा नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये पचनाला अडथळा करणारे घटक असतात, ते उष्णतेनं मोडतात. आणि हे दूध उतू फार जातं, फेस वर आला म्हणजे उकळलं असं समजू नका. मग गॅस बंद करून दोन मिनिटांनी लिंबाचा रस थोडा थोडा घाला, फाटलं की कापडात बांधून वर वजन ठेवा. झाला टोफू. आपल्या काळ्या मसाल्याच्या रश्श्यात टाका, वांग्याबरोबर टाका.

आणि कापडात जो चोथा उरला, तो फेकू नका. जपानमध्ये त्याला ‘ओकारा’ म्हणतात, त्याच्या भाज्या करतात. अन्नाचं अपसायकलिंग म्हणून सध्या जे गाजतंय ते हेच. आपण त्यात ज्वारीचं पीठ, कांदा, ओवा, तीळ, तिखट-मीठ घालून थालीपीठ लावायचं. मात्र चोथा त्याच दिवशी वापरा, ओला असतो, लवकर आंबतो.

दोन सूचना. तान्ह्या बाळाला आईच्या दुधाऐवजी हे दूध द्यायचं नाही. आणि थायरॉइडची गोळी घेत असाल तर गोळी आणि सोया यांच्यात काही तासांचं अंतर ठेवा, डॉक्टरांना विचारून.

आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची. सोयाबीन कुठलं घेताय? आधी काय होतं ते? पेरून उरलेलं बियाणं कधीच खायला घ्यायचं नाही. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, बऱ्याचदा गुलाबी, लाल, निळा रंगही असतो. धुतलं की रंग जातो, विष जात नाही. पिशवीत दोन-तीन किलो उरलेलं दिसतं, महागाचं असतं, टाकवत नाही. तरी स्वयंपाकघरात आणायचं नाही, कोंबड्यांनाही घालायचं नाही. बियाण्याची पिशवी आणि खायचं धान्य एका खोलीत ठेवू नका. घरी बीजप्रक्रिया करत असाल तर ती परात, तो डबा त्याच कामाचा, त्यावर तसं लिहून ठेवा.

शेवटचा ट्रेंड म्हणजे ज्वारी. 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळलं आणि ज्वारी एकदम ‘सुपरफूड’ झाली. आपल्या वऱ्हाडात ती आधी काय होती? रोजचं जेवण होती. भाकरी, कण्या, आंबील. नंतर शेतात सोयाबीन आलं, ताटात गहू आला आणि ज्वारी मागे गेली. आता तीच चकचकीत पाकिटात फ्लेक्स होऊन येते. फ्लेक्स आणायचे तर आणा, माझी काही तक्रार नाही. पण ज्वारीचं पीठ रात्री ताकात भिजवून सकाळी शिजवलेली आंबील करून बघा. आंबवलेलं धान्य, दह्या-ताकाचे जिवाणू, लसूण-जिऱ्याची फोडणी. ‘फर्मेंटेड फूड’ म्हणून जे विकतात त्याच्याशी पडताळून बघा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला चव विचारा.

ट्रेंडला नाकं मुरडू नका, एवढंच म्हणेन. चियाला मागणी आली म्हणून आपल्या एखाद्या शेतकऱ्याची रात्रीची जागली वाचली. मात्र मागणी उद्या ओसरली तर भावही त्याचाच पडणार आहे. म्हणून जे आपल्या शेजारी पिकतं, ते आपण थोडं तरी खायला शिकलो, तर त्याचा माल फक्त लांबच्या बाजारावर अवलंबून राहणार नाही. घरी करून बघायचं माझ्या लेखी खरं कारण हे आहे.

या आठवड्याचं काम सांगते. घरातल्या, गोठ्यातल्या, शेतातल्या खोपडीतल्या सगळ्या पुनर्वापराच्या डब्यांवरून एकदा नजर फिरवा. ज्यात आधी काय होतं ते सांगता येत नाही, त्यातलं पाणी आणि खाणं आजच काढा. औषधाचे असतील त्यांना भोकं पाडा. शेतात कामाला येणाऱ्या मजुरांनाही प्यायच्या पाण्याचा वेगळा, स्वच्छ कॅन द्या. त्यांच्या हातात बहुधा तोच जुना डबा येतो.

टोफू केलात तर कसा झाला ते आवाजी निरोपानं नक्की कळवा, नीट नाही लागला तरी कळवा. पुढच्या भागात तुमच्या गोधड्यांच्या गोष्टी घेणार आहोत. तर भेटू, मंडळी. काळजी घ्या. रामराम!